भरती चढायच्या आत

‘वैमानिकाच्या प्रसंगावधानामुळे मोठा अनर्थ टळला.’ हे वाक्य छापून आलं की आपल्याकडे ती बातमी संपते. हेलिकॉप्टर पुळणीवर धडपणे उतरलेलं असतं, आतले पाहुणे मिळेल त्या गाडीनं पुढे गेलेले असतात, गावातल्या पोरांचे फोटो काढून झालेले असतात. संध्याकाळी मेकॅनिक येतो, काहीतरी उघडतो, काहीतरी बदलतो आणि दुसऱ्या दिवशी यंत्र उडून जातं. काय बदललं, ते का बिघडलं, तशाच दुसऱ्या यंत्रात तेच होऊ घातलंय का, हे विचारायला मागे कुणी उरत नाही. पडलेल्या हेलिकॉप्टरची चौकशी होते. न पडलेल्याची बहुतेक वेळा नुसती नोंद होते.

माझ्या मते हा उफराटा हिशेब आहे. एका इंजिनाच्या हलक्या हेलिकॉप्टरचं फोर्स्ड लँडिंग, म्हणजे बिघाडामुळे मध्येच उतरणं, जितकं सुखरूप, तितका त्याचा तपास जास्त कसून व्हायला हवा, कारण अशा वेळी सगळा पुरावा जागेवर असतो. टाकीत इंधन असतं, गाळणीत गाळ असतो, बटणं जिथल्या तिथे असतात आणि सांगायला वैमानिक जिवंत असतो. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूसमोर समुद्रात पडलेल्या डॉफिन हेलिकॉप्टरमधल्या सातांपैकी एकही माणूस सांगायला उरला नव्हता. अशा तपासात अवशेष समुद्रातून काढण्यापासून सुरुवात होते. पुळणीवर उभं असलेलं धड यंत्र म्हणजे तपासणाऱ्याच्या हातात आयतं आलेलं घबाड. ते आपण सोडून देतो. त्यातही कोकण किनाऱ्यावर ते हातातून निसटायला सहा तास पुरतात.

निसटण्याची सोय आधी कायद्याच्या व्याख्येतच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ प्रमाणे कुणी दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, किंवा यंत्राच्या सांगाड्याला मोठ्या दुरुस्तीची गरज पडेल एवढी इजा झाली, तर तो ‘अपघात’. नुकसान एका इंजिनापुरतं, त्याच्या झाकणांपुरतं किंवा जोडभागांपुरतं असेल, अथवा रोटरच्या पात्यांना, शेपटीच्या रोटरला, लँडिंग गियरला किरकोळ मार असेल, तर तो अपघात धरला जात नाही. दोन-चार इंजिनांच्या विमानाच्या बाबतीत हे समजण्यासारखं आहे. एकाच इंजिनावर उडणाऱ्या यंत्रात मात्र ‘नुकसान फक्त इंजिनापुरतं’ याचा अर्थ हवेत असताना ताकद शून्यावर आली, असा होतो. वैमानिकानं ते नीट उतरवलं म्हणून कागदावर ते अपघातातून खाली घसरून ‘घटना’ होतं. जास्तीत जास्त ‘गंभीर घटना’. म्हणजे वैमानिकाच्या कौशल्याची बक्षिशी म्हणून तपासाची पायरी उतरवली जाते.

दुसरी चाळणी वजनाची. २०१७ च्या नियमांनी घालून दिलेल्या चौकटीत विमान अपघात तपास ब्युरोवर सक्तीनं येणाऱ्या गंभीर घटना २२५० किलोंपेक्षा जास्त वजनाच्या किंवा टर्बोजेट विमानांच्या. त्याखालचं प्रकरण सहसा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पातळीवर मिटतं आणि त्याचे निष्कर्ष सर्वसामान्यांना वाचायला मिळणं कठीण. आता आकडे बघा. रॉबिन्सन आर-४४ रेव्हन २ चं कमाल वजन ११३४ किलो, बेल २०६ चं साधारण १४५०, आणि एच-१२५ चं, बाहेर ओझं लटकवलेलं नसताना, मूळ रचनेत बरोब्बर २२५०. प्रचारासाठी, हवाई दर्शनासाठी, घाईच्या पाहुण्यांसाठी भाड्यानं मिळणाऱ्या एकइंजिनी ताफ्याचा मोठा हिस्सा या रेषेच्या खाली किंवा रेषेवर उभा आहे. रेषा वजनावर आखली, धोक्यावर नाही.

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर धोंड्यासारखं खाली येतं, ही समजूत चुकीची आहे. पण तिच्यात एक-दीड सेकंदापुरतं तथ्य आहे. तेवढ्या वेळात वैमानिकानं डाव्या हाताचा कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, खाली दाबला नाही, तर आर-४४ सारख्या हलक्या रोटरचे फेरे इतके घसरतात की पुन्हा वर येत नाहीत. वेळेत दाबला तर फ्री-व्हीलिंग क्लच रोटरला इंजिनापासून मोकळं करतो आणि खालून वर येणारी हवा पाती फिरवत ठेवते. हेच ऑटोरोटेशन. आर-४४ मध्ये ५५ नॉट वेगाला मिनिटाला साधारण १३५० फूट उतरण होते आणि एक फूट खाली येताना चार फूट पुढे जाता येतं. ५०० फुटांवरून जाणाऱ्याला म्हणजे जेमतेम २२ सेकंद आणि ६०० मीटर. १५०० फुटांवरून जाणाऱ्याला तिप्पट वेळ आणि पावणेदोन-दोन किलोमीटर. साधारण ४० फुटांवर नाक उचलून वेग मारायचा, ८ फुटांवर यंत्र सपाट करायचं आणि रोटरमध्ये साठलेली उरलीसुरली ताकद टेकताना कलेक्टिव्ह उचलून वापरायची. ही ताकद एकदाच मिळते.

किनारा बघत बघत पाचशे फुटांवरून जाण्याची हौस प्रवाशांना असते, आणि कधी कधी वैमानिकालाही. खाडीचं मुख ओलांडताना ती हौस महागात पडते. वर सांगितलेलं गणित ज्याला तोंडपाठ आहे, तो बाणकोट, दाभोळ किंवा जयगड खाडीवर येण्याआधी उंची घेतो. ज्याच्या यंत्राला पाण्यावर तरंगवणारे फ्लोट नाहीत त्यानं तर घ्यायलाच हवी, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स वर असल्यानं हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की बहुधा उलटं होतं. फ्लोट असले तरी सगळं साधतंच असंही नाही. २८ जून २०२२ ला मुंबई हायजवळ सागर किरण रिगच्या बाजूला समुद्रात उतरावं लागलेल्या एस-७६डी मध्ये नऊ जण होते, त्यातले चार वाचले नाहीत.

वरून पाहिलं तर कोकणात उतरायला जागाच जागा दिसते. फसगत इथेच होते. सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, सपाट दिसतो, पण त्यावर चिरेखाणींचे उभे खड्डे असतात आणि कलमांच्या बागांभोवती कमरेएवढे जांभ्याचे गडगे. पावसाळ्यानंतर वाळलेलं गवत तापलेल्या एक्झॉस्टनं पेट घेतं. भातखाचरं मऊ वाटतात, पण बांधाला एक स्किड (चाकांऐवजी खाली असलेली दांडी) अडली किंवा चिखलात रुतली आणि दुसरी मोकळी राहिली, की यंत्र त्या अडलेल्या बाजूवर कलंडतं. याला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात. एका विशिष्ट कोनापुढे ते सायक्लिकनं, म्हणजे यंत्र कलवणाऱ्या दांड्यानं, सावरता येत नाही आणि सगळा खेळ दोन सेकंदांत आटोपतो. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि कांदळवन यांचा विचारच नको. उरते पुळण. तिथेही वरची कोरडी भुसभुशीत वाळू वाईट, आणि ओहोटीनं नुकतीच उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू उत्तम. त्या पट्ट्यावर थोडा पुढचा वेग ठेवून घसरत उतरता येतं, रोटरची ताकद कमी असली तरी निभावतं. वाऱ्याची दिशाही अंदाजानं कळते. पहाटे-सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. शहाणा वैमानिक म्हणून त्या ओल्या पट्ट्यावर उतरतो.

आणि तो पट्टा भरतीचा असतो.

आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत सुमारे सहा तास बारा मिनिटं. पुळणीचा उतार पन्नासास एक धरला आणि पाणी दोन मीटर चढलं, तर ते शंभर मीटर आत येतं. उधाणाच्या दिवसांत आणखी आत. म्हणजे यंत्र उतरायला जी जागा सगळ्यात चांगली, तीच पुराव्याला सगळ्यात वाईट. सकाळी अकराला टेकलेलं हेलिकॉप्टर दुपारी तीनला खाऱ्या पाण्यात असू शकतं. मुंबईहून तपास अधिकाऱ्याची गाडी तोवर महामार्गावर कुठेतरी असेल. माणगाव ओलांडलं असेल तर नशीब.

नियम काय सांगतो? अपघातग्रस्त विमानाला हात लावायचा नाही. पण माणसं सोडवायला, आग किंवा इतर कारणानं होणारा नाश टाळायला, लोकांना होणारा धोका दूर करायला ते हलवता येतं, आणि पाण्यात असेल तर सुरक्षित जागी आणता येतं. म्हणजे भरतीपासून वर ओढायला कायद्याची आडकाठी नाही. प्रत्यक्षात दोन टोकं दिसण्याची शक्यता जास्त. एकीकडे ‘वरून हुकूम येईपर्यंत हात लावायचा नाही’ म्हणत पाणी चढू देणारा हवालदार, दुसरीकडे ट्रॅक्टर आणि दोर घेऊन आलेला उत्साही गाव. दोघांचाही दोष नाही. कशाच्या आधी काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

खरं तर ओढायला घेण्याआधी पंधरा मिनिटं पुरतात. यंत्राभोवती आठ दिशांनी फोटो, त्यात मागे ओळखीची खूण हवी, एखादं देऊळ किंवा डोंगराचा सुळका. मग वाळूवरच्या स्किडच्या खुणा. त्यांची लांबी टेकताना पुढचा वेग किती होता ते सांगते आणि खोली सांगते किती जोरात आदळलं. पहिली लाट आली की हे दोन्ही आकडे गेले, आणि ते नंतर कुठल्याही प्रयोगशाळेत मिळत नाहीत. मापाची टेप नसेल तर पावलं मोजा, फोटोत चप्पल ठेवा, चालेल. मग कॉकपिट, पण दारातूनच: सगळी बटणं, इंधनाचा व्हॉल्व्ह, मिक्श्चरची (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारी) कळ, कार्ब्युरेटर हीटची (गरम हवा सोडून आत बर्फ धरू न देणारी) कळ, उडालेले सर्किट ब्रेकर, पेटलेले दिवे, बाहेरच्या तापमानाचा काटा, इंधनाचे काटे, तासमापक. बॅटरीचं बटण कुठे होतं ते फोटोत आल्यावरच बंद करायचं, आणि ते वैमानिकानं किंवा मेकॅनिकनं. रोटर हातानं फिरवून बघायचा मोह आवरायचा, कारण आतला क्लच, पट्टे किंवा गिअर कुठे अडकलाय ही खूण एका फिरवण्यात पुसली जाते. जवळ जायचं ते समोरून, वैमानिकाला दिसेल असं. शेपटीच्या बाजूनं कधीही नाही. जमीन उतरती असेल तर चढाच्या बाजूनंही नाही, तिकडून रोटर डोक्याला लागतो. न फुगलेले फ्लोट असतील तर त्यांच्या गॅसच्या बाटल्यांपासून लांब राहायचं.

पाण्यानं गाठलंच, तर एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. खाऱ्या पाण्यात भिजलेला रेकॉर्डर, जीपीएस किंवा वैमानिकाचा टॅबलेट उन्हात वाळवायचा नाही. तो गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून तसाच तपास अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा. वाळवला की मीठ आतल्या जोडांवर बसतं आणि गंज धरायला लागतो. पाण्यात ठेवला की हवा लागत नाही.

इंजिन का थांबलं, या प्रश्नाच्या उत्तरातला अर्धा भाग इंधनात असतो आणि ते सगळ्यात आधी दूषित होतं. प्रत्येक टाकीतून आणि गाळणीच्या वाटीतून वेगवेगळा नमुना, निदान एकेक लिटर, काचेच्या किंवा स्वच्छ धातूच्या डब्यात, वर वेळ, जागा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. त्याच दिवशी, जिथून शेवटचं इंधन भरलं तिथलाही नमुना. हा शेवटचा हमखास विसरला जातो. हलक्या हेलिकॉप्टरला इंधन विमानतळावरच मिळतं असं नाही, बॅरलमधून, हातपंपानंही भरलं जातं. आणि ज्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तिथे बॅरल उभं ठेवणं म्हणजे पाण्याला आमंत्रण. झाकणाच्या खोलगट भागात पाणी साठतं, रात्री बॅरल थंड होऊन आतली हवा आकसते आणि बुचाच्या फटीतून पाणी आत खेचलं जातं. बॅरल आडवं ठेवावं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे इंधन बुचांना आतून टेकून राहतं. भरण्याआधी उभं केलं की निवू द्यावं. जेट इंधनातलं पाणी एक फूट खाली बसायला तासभर घेतं, म्हणजे दोनशे लिटरच्या बॅरलला तीन तास. कार्यक्रम तीन तास थांबत नाही, ही खरी अडचण.

दुसरा भाग हवेत विरून जातो. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात, उदाहरणार्थ आर-२२ किंवा आर-४४ रेव्हन १ मध्ये, इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान वीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर २५ अंश, हवा ओलीचिंब, म्हणजे कोकणातली कुठलीही सप्टेंबरची सकाळ, आणि आत बर्फ धरतो. विमानात फेरे कमी होऊ लागले की वैमानिकाला कळतं. या हेलिकॉप्टरमध्ये फेरे आपोआप कायम राखणारा गव्हर्नर गुपचूप थ्रॉटल उघडत जातो आणि तूट झाकतो. थ्रॉटल संपला की एकदम इंजिन बसतं. खाली उतरेपर्यंत, लोक जमेपर्यंत बर्फ वितळलेला असतो. दुसऱ्या दिवशी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं आणि कागदावर येतं: ‘दोष आढळला नाही.’

हे तीन शब्द मला सगळ्यात धोकादायक वाटतात. दोष आढळला नाही म्हणजे यंत्र ठीक असा अर्थ मालक लावतो. तपास जाणणारा त्याचा अर्थ असा लावेल की दोष आता उरला नाही, म्हणून उतरतानाच्या नोंदी काढा. कार्ब हीटची कळ वर होती की खाली, तापमान किती, दव किती, कुठल्या ताकदीवर किती मिनिटं उडत होता. कधी तर कार्ब हीटऐवजी मिक्श्चरची कळ ओढली गेलेली असते आणि इंधन तुटून इंजिन थांबलेलं असतं. ही चूक इतकी ओळखीची आहे की मिक्श्चरच्या कळीवर घालायला वेगळं प्लॅस्टिकचं झाकण दिलेलं असतं. ते झाकण जागेवर होतं का, हे पहिल्या तासाच्या फोटोतच दिसतं. संध्याकाळी मेकॅनिकनं आवराआवर केल्यावर नाही.

इथे वैमानिकाचं खरं बोलणं लागतं, आणि तो खरं बोलेल अशी व्यवस्था आपण ठेवलेली नाही. परिशिष्ट १३ सांगतं की तपासाचा हेतू एकच, पुढचा अपघात टाळणं. दोष वाटून देणं नाही. पण किनाऱ्यावर पहिला पोचतो तो पोलीस, आणि त्याच्या वहीत निष्काळजीपणाचं कलम असतं. माणसांनी भरलेल्या पुळणीवर उतरलेल्या वैमानिकावर जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो, ही भीती अवास्तव नाही. मग तो ‘अचानक बिघाड झाला’ यापलीकडे बोलत नाही. मिक्श्चर ओढला असेल तर मुळीच नाही. पोलिसांनी गर्दी आवरावी, जागेला दोर लावावा, साक्षीदारांची नावं घ्यावीत. वैमानिकाचा तांत्रिक जबाब तपास अधिकाऱ्यानंच घ्यावा आणि तो फौजदारी कागदात जाऊ नये. दारू प्यायला होता, परवाना नव्हता, अशा प्रकरणात पोलिसांचा हात धरा असं कुणी म्हणत नाही.

याच भीतीची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. गिअरबॉक्सच्या तेलात धातूचे कण आल्याचं सांगणारा चिप लाइट लागला, क्लचचा दिवा दहा सेकंद जळत राहिला, कंप जाणवला, की पुस्तक सांगतं उतरा. पुळण खाली आहे. पण उतरलं की बातमी, गर्दी, चौकशी, कंपनीच्या मालकाचा फोन, ताटकळलेला नेता. म्हणून ‘पंधरा मिनिटांत पोचतोच’ असं म्हणत माणूस उडत राहतो. सुखरूप उतरण्याला जिथे लाजिरवाणा प्रसंग समजलं जातं, तिथे पुढचा वैमानिक उतरणार नाही. सावधगिरीनं उतरलेल्याला शिक्षा नाही, पण नोंद सक्तीची, असा साधा नियम हवा.

तपास प्रसिद्ध झाला तर त्याचा उपयोग कसा होतो, याचं उदाहरण डोंगरातलं आहे. ८ मे २०२५ ला उत्तरकाशीत गंगनानीजवळ बेल ४०७ कोसळून सहा जण गेले. ब्युरोच्या प्राथमिक अहवालात आलं की हेलिकॉप्टर रस्त्यावर उतरू पाहत होतं आणि रस्त्यालगतच्या केबलला त्याचा रोटर लागला. फोर्स्ड लँडिंगमध्ये माणूस शेवटच्या शंभर फुटांत तारेनं मरतो, हे वैमानिकांना ठाऊक असतं. आता ते कागदावर आहे. सहा माणसं गेल्यावर आलं. आपल्याकडे खाड्यांवरून, दऱ्यांवरून, दोन वाड्यांच्या मधून ११ केव्हीच्या तारा गेलेल्या आहेत, आणि उन्हात तार दिसत नाही, खांब दिसतो. तारेवर लावायच्या गोळ्यांचं मापही ठरलेलं आहे: निदान ६० सेंटिमीटर व्यास, आणि त्या मापाला ३० मीटर अंतर. खाडीचं मुख ओलांडणाऱ्या तारा जिल्ह्याला मोजक्याच असतील. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं महावितरणबरोबर बसून त्यांची यादी केली तर दोन बैठकांचं काम. सगळ्या तारांवर गोळ्या लावा, असं कुणीही शहाणा मागणार नाही.

आक्षेप येईल तो माणसांचा. ब्युरो २०१२ मध्ये उभा राहिला, तपास अधिकारी मोजके. १२ जून २०२५ ला अहमदाबादला बोइंग ७८७ कोसळलं, २६० माणसं गेली, तेव्हा सगळी यंत्रणा तिकडे लागणं साहजिकच होतं. तीस दिवसांत प्राथमिक अहवाल आलाही. मग पुळणीवर उतरलेल्या चार आसनी यंत्रासाठी दिल्लीहून माणूस कसा पाठवायचा? उत्तर असं की पाठवू नका. ब्रिटनचा तपास विभाग छोट्या यंत्रांच्या बऱ्याच प्रकरणांत जागेवर माणूस पाठवतच नाही. वैमानिक विहित नमुना भरतो, फोटो आणि मेकॅनिकचा अहवाल जोडतो, तपास अधिकारी फोनवर उलटतपासणी करतो आणि दर महिन्याच्या बुलेटिनमध्ये दोन-चार पानांचा निष्कर्ष छापून येतो. अमेरिकेत १९७६ पासून नासा वैमानिकांकडून गोपनीय कबुल्या गोळा करते आणि नाव-गाव काढून त्या सगळ्यांना वाचायला देते. एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरमध्ये हवेत ताकद गेली की वजन न बघता ती ‘गंभीर घटना’ धरायची, नव्वद दिवसांत चार पानं काढायची, ती सगळ्यांसाठी खुली ठेवायची. मोठ्या तपासाची प्रत काढण्याची गरज नाही.

खर्चाचा आक्षेप रेकॉर्डरबाबत येतो. हलक्या हेलिकॉप्टरवर ब्लॅक बॉक्सची सक्ती नाही, पण कॉकपिटच्या छताला लावायचा, चित्र, आवाज आणि जीपीएस एकत्र साठवणारा छोटा कॅमेरा आता नवलाचा राहिलेला नाही. जी कंपनी भाड्यानं प्रवासी नेते, तिला तो सक्तीचा करावा. खाजगी मालकाला नंतर. आपल्या भागात त्या कॅमेऱ्याचा एक जादा फायदा: तो भरतीच्या वर, छताला असतो.

थोडं विषयांतर. ३ मे २०२४ ला महाडला एका राजकीय नेत्याला न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरताना कोसळलं आणि त्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. जीव गेला नाही. त्यानंतर चर्चा झाली ती कोण बसणार होतं याची. उतरण्याच्या जागेची किती झाली? तात्पुरत्या हेलिपॅडवर कोरड्या चुन्यानं काढलेला एच यंत्र खाली येताना उडून वैमानिकाच्या डोळ्यांसमोर येतो. लाल मातीवर पाणी मारलं नसेल तर शेवटच्या वीस फुटांत जमीनच दिसत नाही. चुना कालवून लावायचा, माती आदल्या रात्री आणि सकाळी दोनदा भिजवायची, धूर वाऱ्याच्या दिशेसाठी थोडा बाजूला करायचा. हे बांधकाम खात्यातल्या अनुभवी माणसाला ठाऊक असतं आणि त्याच्या बदलीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जातं.

सुरुवात दिल्लीला न विचारताही करता येईल. ए-४ कागदाची दोन पानं, मराठीत, लॅमिनेट केलेली, किनाऱ्यावरच्या प्रत्येक सागरी पोलीस ठाण्यात आणि पोलीस पाटलाकडे. पहिल्या पानावर माणसं कशी काढायची, कुठून जायचं, विडी-सिगारेट कुठवर लांब. दुसऱ्या पानावर फोटोंचा क्रम, स्किडच्या खुणा, इंधनाचे नमुने, गोड्या पाण्याची बादली, आणि ब्युरो आणि महासंचालनालयाचे क्रमांक. सूचना द्यायला २४ तासांची मुदत असते म्हणून चोविसाव्या तासाला फोन करायचा नाही, हेही ठळक. सोबत चार काचेच्या बाटल्या, चिकटपट्टी, मापाची टेप आणि दोर. शिवाय खालच्या कोपऱ्यात भरतीचा हिशेब छापावा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. गावातल्या कुणाला तो शिकवावा लागणार नाही. मुंबईहून निघालेल्या अधिकाऱ्यानं फोनवर ‘मी पोचेपर्यंत हलवू नका’ म्हटलं, तर त्याला वाचून दाखवायला तो लागेल.